गल्लीचा दर, घराची किंमत

औरंगपुऱ्यातल्या आमच्या घराला एकाच वेळी तीन किमती होत्या, हे मला साठी उलटल्यावर कळले. तशी माझी उभी नोकरी बँकेत गेली. घरतारणाच्या फायलीत मूल्यांककाचा अहवाल आला, की आधी शेवटच्या पानावरचा आकडा बघायचा आणि सवड मिळाली तर वरचे वाचायचे, ही आम्हा बँकवाल्यांची जुनी सवय. वरच्या मजकुरात घर असते, खालच्या आकड्यात कर्ज असते. दुसऱ्यांच्या घरांच्या बाबतीत हे ठीक चालले. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र, वरचा मजकूर वाचणारे कोणी भेटते का, हे शोधत फिरावे लागले.

हे घर औरंगपुऱ्यातून गुलमंडीच्या अंगाला दोन वळणे घेत आत शिरणाऱ्या एका बोळात आहे. माळवदाचे, दुमजली. खाली पडवी आणि दोन खोल्या, वर दोन खोल्या, मागे सामाईक आड आणि त्यावर वाकलेला लिंब. आजोबांनी ते १३५० फसलीत, म्हणजे १९४१ च्या सुमारास घेतले. खरेदीखत उर्दूत आहे, निजाम सरकारच्या स्टँपावर, आणि रक्कम हाली सिक्क्यात. सात हाली रुपयांचे इंग्रजी सहा, हा हिशेब आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मला लहानपणी याच कागदावर शिकवला होता.

खालच्या खोल्यांत १९६८ पासून बाइंडरकाका राहतात. त्यांचे खरे नाव बोळात फार थोड्यांना ठाऊक असेल. औरंगपुरा म्हणजे सरस्वती भुवनची शाळा आणि कॉलेज, वह्यापुस्तकांची दुकाने. जून उजाडला की निम्मे गाव पुस्तके बांधून घ्यायला आमच्या पडवीत यायचे. खळीचा वास आणि दाबयंत्राची कुरकुर यांवाचून मला पाऊस आठवत नाही. बँकेत लागल्यावर आमच्या शाखेची जुनी लेजरेसुद्धा मी त्यांच्याकडूनच बांधून घेतली. आप्पा १९९९ मध्ये गेले. त्याआधी एकदा ते काकांना माझ्यादेखत म्हणाले होते, ‘‘हे घर कधी विकायला काढलंच, तर पहिला शब्द तुमचा.’’ कागद नाही, साक्षीदार नाही; मीच काय तो साक्षीदार.

२०२० मध्ये आई गेली आणि वरच्या खोल्यांना कुलूप लागले. मी सिडकोत राहतो, थोरली बहीण आक्का जालन्याला. २०२२ च्या सुरुवातीला विकायचे ठरले, तेव्हा त्या तीन किमती पुढे आल्या.

पहिली काकांची. मुलाच्या पगारावरचे कर्ज आणि आयुष्यभराची पुंजी मिळून अठरा लाख. दुसरी गुलमंडीवरच्या एका दलालाची. ‘‘खालचं भाडोत्री काढून मोकळं करून द्या, पस्तीस देतो. अर्धे वरून.’’ ‘वरून’ म्हणजे कागदावर नाही, हे मराठी वाचकांना सांगायला नको. आणि तिसरी किंमत सरकारची. दुय्यम निबंधकांच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या दस्तलेखकाने १ एप्रिलनंतरचा नवा तक्ता उघडला, आमचा नगर भूमापन क्रमांक शोधला, चौरस मीटरने गुणले आणि सांगितले, ‘‘साहेब, सत्तावीस लाख. तुम्ही अठराला द्या नाहीतर दानात द्या, स्टँप सत्तावीसवरच बसणार.’’

मी विचारले, ‘‘हे सत्तावीस ठरवलं कोणी?’’

तो हसला. ‘‘पुण्याहून येतं.’’

पुण्याहून येणारा आकडा

पुण्याहून येणाऱ्या या आकड्याला लोक ‘रेडी रेकनर’ म्हणतात. सरकारी नाव ‘बाजारमूल्य दर तक्ते’. राज्याचे नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक पुण्यात बसतात. त्यांच्या हाताखाली नगररचना खात्यातले एक सहसंचालक मूल्यांकनाचे काम पाहतात. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहराची, गावाची, गल्लीची आणि शिवाराची सरकारी किंमत दरवर्षी मांडून काढणे हे या शाखेचे काम. एवढा मोठा उद्योग, आणि त्या खुर्चीवर कोण बसले आहे हे शंभरात एकालाही ठाऊक नसते. तहसीलदाराला सलाम झडतात, पोलीस निरीक्षकाची ओळख सांगितली जाते. पण आपल्या घराची किंमत लिहिणारा माणूस आपल्याला माहीत नसतो.

काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. शहराचे मूल्यविभाग पाडतात, त्यांचे उपविभाग पाडतात. प्रत्येक उपविभागात कोणते भूमापन क्रमांक येतात त्याची यादी असते आणि समोर रकाने: खुली जमीन, राहती सदनिका, कार्यालय, दुकान, औद्योगिक गाळा. वर्षभरात नोंदवलेले दस्त पाहून आणि बाजारात चौकशी करून स्थानिक अधिकारी प्रस्ताव करतात, लोकप्रतिनिधींचे म्हणणे ऐकले जाते आणि मग दर जाहीर होतात. पूर्वी ते १ जानेवारीला लागू होत. २०१६ पासून १ एप्रिलला होतात. दरवर्षी वाढतातच असेही नाही. २०२२ ला वाढले, २०२३ आणि २०२४ ला तसेच ठेवले, २०२५ ला पुन्हा वाढले.

ही पद्धत आली कशासाठी, हेही ध्यानात घेतले पाहिजे. १९५८ च्या मुद्रांक कायद्याखाली पूर्वी खरेदीखतात जी रक्कम लिहाल तिच्यावर मुद्रांक शुल्क पडे. मग लोक काय लिहीत असतील ते सांगायला नको. लाखाचे घर चाळीस हजारांना ‘विकले’ जाई. ४ जुलै १९८० पासून महाराष्ट्रात खरेदीखतांना ‘बाजारमूल्य’ ही कल्पना लागू झाली. कागदावरची रक्कम आणि खुल्या बाजारात आली असती ती रक्कम, यांत जी मोठी तिच्यावर शुल्क. पण खुल्या बाजारात काय आले असते, हे प्रत्येक घरामागे कोण ठरवत बसणार? म्हणून १९९५ च्या नियमांनी तक्त्यांना पक्के रूप दिले. एक आकडा, सर्वांना सारखा, भिंतीवर लावता येईल असा. दुय्यम निबंधकाच्या मर्जीवर काही राहू नये, हा त्यामागचा हेतू.

हेतू चांगलाच होता. बँकेच्या खुर्चीतून मी त्याचा गुण पाहिला आहे. नोकरदार माणूस कर्ज काढून घर घेतो, तेव्हा त्याला सगळा व्यवहार कागदावर हवा असतो, कारण बँक ‘वरच्या’ पैशाला कर्ज देत नाही. विकणाऱ्याला अर्धे अंधारात हवे असतात. या ओढाताणीत तक्त्याने निदान एक जोते बांधून दिले, त्याच्या खाली कागद जाऊ शकत नाही. कित्येक शिक्षक-कारकुनांची घरे या जोत्यावर उभी राहिली.

मोजणाऱ्यांची जुनी वंशावळ

जमिनीला आकडा लावणारा सरकारी माणूस काही आजचा नाही. आमचे हे गावच अशा एका माणसाने वसवले. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, डोंगरातले पाणी नहरीने आणले, ते आपण जाणतो. पण जुन्या लोकांच्या तोंडी त्याचे नाव राहिले ते ‘मलिकंबरी धाऱ्या’मुळेही. गावाची जमीन आणि पीक पाहून सारा ठरवायची त्याची रीत पुढच्या राज्यकर्त्यांनाही मार्गदर्शक वाटली.

याच्या उलटा धडा इंग्रजांनी पुणे जिल्ह्यात घेतला. १८२० च्या दशकात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवण्याचा मोठा शास्त्रशुद्ध घाट घातला. कागदावर तो बिनचूक होता. शेतकऱ्यांना मात्र सारा झेपेना, आणि जमिनी पडीक टाकून माणसे निघून गेली. मग १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी काम नव्याने मांडले. मातीची खोली पाहा, रंग पाहा, वाळू किती, चोपण किती ते पाहा, आणि जमिनीची प्रत आण्यांत लावा. सारा उतरला आणि ओस पडलेली शेते पुन्हा नांगराखाली आली.

न्यूझीलंडने १८९६ मध्ये कायदा करून सरकारी मूल्यांकनाचे स्वतंत्र खातेच उघडले. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याचा असा कायदा १९१६ चा. तिथे या अधिकाऱ्याला महामूल्यांकक म्हणता येईल असे पद आहे. तो घर सोडून नुसत्या जमिनीचे मोल काढतो, मालकाला ते कळवतो आणि मालकाला हरकत घेता येते. मूल्य ठरवणारा वेगळा, कर घेणारा वेगळा, ही त्यातली खुबी. आपल्याकडे मूल्य ठरवणारे आणि शुल्क गोळा करणारे एकाच छपराखाली बसतात, आणि लोकांच्या मनातला निम्मा संशय तिथूनच सुरू होतो.

आरशासमोर आरसा

आता अडचण कुठे आहे ते पाहू. जोते म्हणून बांधलेली ओळ हळूहळू छत होऊन बसते. लोक म्हणतात, तक्त्याएवढे लिहिले की झाले; मग खरा व्यवहार चाळीसचा असला तरी दस्तात सत्तावीसच येतात. पुढच्या वर्षी अधिकारी नोंदवलेले दस्त काढून पाहतात, तर सगळीकडे सत्तावीस. तक्ता दस्ताकडे बघतो, दस्त तक्त्याकडे. आरशासमोर आरसा धरला की दोन्हींत आरसेच दिसतात, तशातला हा प्रकार.

शेतकऱ्याचे तर याहून अवघड. पिढ्यान्‌पिढ्या स्टँप वाचावा म्हणून शिवारात कमी किमतीचे दस्त झाले. पूर्वीचे आपल्यासारखेच निजामाच्या मुलखातले आदिलाबाद. तिथल्या एका प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मुद्रांकासाठी केलेली मूल्यनोंदवही भूसंपादनाच्या मोबदल्याचा आधार होऊ शकत नाही. पण २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मुद्रांक कायद्याखालची किमान किंमत आणि आसपासच्या खरेदीखतांची सरासरी, यांत जी जास्त ती मोबदल्याच्या हिशेबात घेतली. समृद्धी महामार्गाची आखणी आपल्या जिल्ह्यातून गेली, तेव्हा ‘रेडी रेकनर’ हा शब्द पारावर रुळला तो यामुळे. काल ज्या कमी आकड्याने चार पैसे वाचवले, तोच आकडा उद्या मोबदल्याच्या कागदावर आडवा येतो.

आणि आमच्यासारख्यांची अडचण तिसरीच. तक्ता असे गृहीत धरतो, की कमी किमतीला विकणारा माणूस काहीतरी लपवतो आहे. दहांत नऊ वेळा ते खरेही असेल. २००३ पासून आयकराच्या कायद्यानेही हाच आकडा धरला. तुम्ही अठराला विकले तरी मुद्रांकासाठी सत्तावीस ठरले असतील, तर तुम्हाला सत्तावीस मिळाले असे समजून नफा काढतात. पुढे २०१३ मध्ये घेणाऱ्यालाही त्यात ओढले. स्वस्तात मिळालेला फरक हे त्याचे उत्पन्न. थोडाफार फरक चालवून घ्यायला २०१८ मध्ये पाच टक्क्यांची आणि २०२० मध्ये दहा टक्क्यांची सवलत आली, एवढेच. म्हणजे आप्पांचा शब्द पाळायचा, तर मी आणि आक्काने न मिळालेल्या पैशांचा हिशेब द्यायचा आणि बाइंडरकाकांनी न मिळालेल्या उत्पन्नावर कर भरायचा. दिलेल्या शब्दासाठी तक्त्यात रकाना नाही.

आक्काचा प्रश्न

मी जालन्याला गेलो आणि आक्कापुढे सगळे मांडले. आक्काचे यजमान जाऊन बारा वर्षे झाली. पेन्शन बेताची, गुडघ्यांची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी सांगितलेली. मी बोलत राहिलो: आप्पांचा शब्द, काकांचे वय, चोपन्न वर्षांचा शेजार. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली,

‘‘बापू, शब्द आप्पांनी दिला, तो पाळायचाच. पण माझ्या वाट्यातून किती पाळायचा, तेवढं सांग.’’

मला उत्तर देता आले नाही. मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये दिला. हे मी शाखेत कित्येक बहीणभावांना समजावून सांगितले होते. तरीही आमच्याकडे ‘आक्का काय, हक्कसोड देईलच’ असे माझ्या मनाच्या तळाशी कुठेतरी होतेच. वडिलांचा शब्द पाळण्याचा मान मी घेणार होतो आणि त्याची निम्मी किंमत बहिणीच्या गुडघ्यांतून वसूल करणार होतो. दलालाचे पस्तीस धरले तर काकांचे घर जाते. काकांचे अठरा धरले तर आक्काचे नुकसान होते. आणि मी म्हणेन तो आकडा माझ्या सोयीचा असणार. या घराशी कसलेही नाते नसलेल्या माणसाने सांगितलेला आकडा हवा होता.

असा माणूस कायद्याने ठेवलेला आहे, हे पस्तीस वर्षे बँकेत राहून मी विसरलो होतो. मुद्रांक कायद्याच्या ३१ व्या कलमाखाली, दस्त करण्यापूर्वीच, मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून ‘यावर किती शुल्क पडेल ते ठरवून द्या’ असे म्हणता येते. त्याला अभिनिर्णय म्हणतात. तक्ता हा शेवटचा शब्द नाही. मिळकतीचे खरे स्वरूप दाखवून देता येते, आणि गरज पडली तर अधिकारी येऊन जागा पाहू शकतात. इमारतीचे वय, उद्वाहन नसलेले मजले, भाडोत्र्याचा ताबा यांचा विचार करायच्या सूचना तक्त्याबरोबरच छापलेल्या असतात. पण आपण दर पाहतो आणि वही मिटतो. सूचना वाचतो कोण?

गल्लीत आलेला अधिकारी

अर्ज केला. दोन महिन्यांनी एका सकाळी मूल्यांकनाचे काम पाहणाऱ्या अधिकारी बाई आल्या. पस्तिशीच्या असतील. बरोबर टेप धरायला एक शिपाई. मोटार अर्थातच बोळाबाहेर ठेवावी लागली. चहा नको म्हणाल्या, पाणी घेतले.

त्यांनी आधी घर पाहिलेच नाही. बोळाच्या तोंडापासून चालत आल्या, वळणापाशी टेप लावून रुंदी घेतली आणि काकांना विचारले, ‘‘काका, इथे रुग्णवाहिका येते का?’’

काका म्हणाले, ‘‘कोपऱ्यापर्यंत येती. पुढं खुर्चीवर न्यावं लागतं माणसाला. यांच्या आईला तसंच नेलं आम्ही.’’

त्या खुर्चीची एक बाजू काकांच्या मुलाने धरली होती, दुसरी मी. ते मी बोललो नाही. बाईंनी वहीत काहीतरी लिहिले.

मग लाकडी जिन्याने वर गेल्या, माळवदावर हात ठेवून ओल पाहिली, आड सामाईक आहे ना ते शेजारी विचारून आल्या. तक्त्यात आमचा बोळ आणि बाहेरचा दुकानांचा रस्ता एकाच उपविभागात पडतात, हे मी त्यांच्या नजरेस आणू लागलो, तर म्हणाल्या, ‘‘सर, दर गल्लीचा असतो, ते खरं. म्हणून तर घर बघायला यावं लागतं. पण भाडेकरू जुना आहे असं अर्जात म्हटलंय, त्याला आधार काय?’’

आधार! आमच्या भागात भाडेकरूचा कायदा निजामकाळानंतरचा, १९५४ चा हैदराबादचा. तो २००० पर्यंत चालला आणि मग महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा लागू झाला. करारनामा कसला? आप्पा महिन्याला पावती देत, तेवढेच. माझ्याकडची स्थळप्रत १९८३ च्या एका पावसाळ्यात भिजून गेलेली. मी गप्प झालो.

काका आत गेले आणि एक जाड पुस्तक घेऊन आले. कापडी पाठ, कोपऱ्यांना चामडे, वर काही नाव नाही. त्यांनी ते बाईंच्या हातात दिले. आत १९६८ पासूनच्या सगळ्या भाडेपावत्या होत्या, वर्षावर्षाने लावून शिवलेल्या. दर काही वर्षांनी पुस्तक उसवून नव्या पावत्या घालायच्या आणि पुन्हा बांधायचे, असे ते करीत आले होते. पहिल्या पावत्यांवर आप्पांची बारीक सही, मग आईची, शेवटच्या माझी. भाडे अठरा रुपयांपासून एकशे चाळीसपर्यंत आलेले.

बाई पाच-सात मिनिटे नुसती पाने उलटत होत्या. म्हणाल्या, ‘‘काका, असा पुरावा मी बघितला नाही कधी.’’

काका म्हणाले, ‘‘सुटे कागद हरवतेत बाई. मी बाइंडर हाय.’’

नुसता आकडा नव्हे, एक तत्त्व

निर्णय आला. मूल्य एकवीस लाख साठ हजार. चमत्कार म्हणावा असे काही नव्हते. इमारतीचे वय, जुन्या भाडेकरूचा ताबा, बोळाची रुंदी, या सगळ्यांचा हिशेब लावून तो आकडा निघाला होता आणि कसा निघाला ते कागदावर होते. मी आयुष्यात पहिल्यांदा शेवटच्या पानाआधीची सगळी पाने वाचली.

तो कागद घेऊन मी पुन्हा जालन्याला गेलो. आक्काला म्हणालो, ‘‘तुझा वाटा याच्या निम्मा. दहा लाख ऐंशी हजार. काकांकडून काय येईल ते येईल. उणेअधिक माझ्या अंगावर.’’ तिने कागद दोनदा वाचला. ‘‘हे तू ठरवलं नाहीस ना?’’ एवढेच विचारले. नाही म्हटल्यावर तिने सही करायला पेन मागितले.

काकांना आकडा सांगितला, तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. आठवड्याने मुलाला घेऊन आले. ‘‘सरकारी माणसानं घर बघून साडेएकवीस सांगितली. मला तुमचं फुकट नको. वीस देतो. त्याच्यावर ताकद नाही.’’ वीस आणि एकवीस-साठ यांतला फरक आयकराच्या दहा टक्क्यांत बसत होता. व्यवहार वीस लाखांचा झाला, शुल्क एकवीस-साठवर भरले, आक्काला तिचा पुरा वाटा गेला, आणि माझ्या वाट्याला नऊ लाख वीस हजार आले. आप्पांनी दिलेल्या शब्दाची किंमत माझ्यापुरती एक लाख साठ हजार. ती मीच द्यायला हवी होती. कारण साक्षीदार मी होतो.

तेव्हापासून त्या पुण्याच्या आकड्याकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहतो. आपण त्याला शिव्या देतो, कारण तो आपल्याला ओळखत नाही. आक्काच्या कामी तो आला, तो मात्र याच गुणामुळे. सख्ख्या भावाला जे जमले नाही, ते कसलीही ओळख नसलेल्या एका बाईंनी टेप आणि वही घेऊन केले. अट एवढीच, की आकडा लिहिणाऱ्याने बोळ चालून पाहिला पाहिजे. तक्ता पुण्यात छापावा. घर मात्र घरापाशीच मोजावे. प्रिंगलच्या कागदात आणि विंगेटच्या मातीत जो फरक होता, तोच हा.

सगळ्या घरांपाशी अधिकारी कसे पोचणार, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण बोलावल्याशिवाय तर ते कुठल्याच घरी येणार नाहीत. घर घेण्या-विकण्याच्या विचारात असलेल्या मंडळींना एवढेच सांगेन: तक्ता खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो, तो आधी पाहा, दराबरोबर सूचनाही वाचा, तुमचे घर तक्त्यात बसत नसेल तर दस्त करण्याआधी अभिनिर्णयाचा अर्ज करा. आणि पावत्या जपून ठेवा.

दस्ताच्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत यंत्रापुढे बसून सगळ्यांचे फोटो निघाले, अंगठे झाले. आत जाण्यापूर्वी बाकावर बसलेले असताना काकांनी खिशातून पैसे काढून माझ्या हातात ठेवले. एकशे चाळीस रुपये.

‘‘या महिन्याचं ऱ्हायलं होतं. पावती द्या.’’

दस्तलेखकाकडून कोरा कागद मागून घेतला आणि पावती लिहून दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी न घालता वहीत ठेवली. परवा औरंगपुऱ्यात भाजी घ्यायला गेलो होतो, तेव्हा सहज बोळात डोकावलो. पडवीत काका होते. पुस्तक पुन्हा बांधून झाले होते, आणि आता त्याच्या पाठीवर नाव घातले होते: ‘घर’.